‘रक्ष्य’ या शब्दाबाबत

सर्वसाक्षी परमेश्वराच्या कृपेने माझ्या वाणीत असत्य न येवो, एवढेच मागून आरंभ करतो.

मी, परिसरात ज्यास ‘गुरुजी’ म्हणतात तो, वय ७८ वर्षे, व्यवसाय निवृत्त संस्कृत शिक्षक, राहणार तळ्यालगतच्या गल्लीतील शेवटचे घर, समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

घरी मी, माझा पुतण्या व सूनबाई असे तिघे राहतो. पुतण्या नऊ वर्षांचा असताना त्याचे आईवडील निवर्तले, तेव्हापासून तो माझ्याजवळ आहे. तळ्याकाठी होऊ घातलेल्या गृहसंकुलाच्या आराखडा कार्यालयात तो नकाशे व याद्या तयार करतो.

आराखड्यास मंजुरी देताना अट होती की, पाणथळीच्या काठची झाडे राखावीत व पाण्यापासून तीस मीटरपर्यंत भराव टाकू नये. वाळलेली झाडे तेवढी काढण्यास मुभा होती. रहिवासी समितीने पाहणी माझ्याकडे सोपविली. मी सतरा दिवस हिंडून त्रेसष्ट झाडांची नोंद केली व प्रत्येकापुढे शेऱ्याच्या रकान्यात स्वहस्ते ‘रक्ष्य’ असे लिहिले. ‘राखावे’ असे साधे लिहिता आले असते. तसे लिहिले नाही, हा दोष माझा. यादी पुतण्याच्या हाती दिली.

गेल्या सोमवारी सकाळी सात वाजता करवतींचा आवाज ऐकून मी काठावर गेलो. तोपर्यंत अठ्ठावन्न झाडे आडवी झाली होती. तोडणीच्या मुकादमास मी म्हणालो, “अहो, हिरवीगार झाडं ही! डोळे फुटले का तुमचे?” तो म्हणाला, “माझे आहेत हो शाबूत. कागदालाच नाहीत.” त्याने दाखविलेल्या टंकलिखित यादीत प्रत्येक झाडापुढे ‘रुक्ष’ होते, व तळटीप होती: रुक्ष म्हणजे वाळलेले. तो पुढे म्हणाला, “आराखडा कार्यालयातल्या साहेबांना विचारलं मी, पानं दिसतायत की. म्हणाले, तू झाडं तोड, व्याकरण नको शिकवू.”

पडलेल्या फांद्यांत बगळ्यांची घरटी होती. त्याविषयी विचारले असता मला काही सांगावयाचे नाही.

दुपारपासून डंपर भराव टाकू लागले. मी ठाण्यात येऊन मुकादमाविरुद्ध तक्रार दिली व त्यास अटक झाली. आज चौथा दिवस आहे. त्याची पत्नी ठाण्याबाहेरच्या बाकावर बसून असते. तिने विचारले, “बाबा, तुम्हीच ना यांना आत घातलंत?” मी होय म्हणालो.

काल जेवताना मी पुतण्यास यादीबाबत विचारले. तो म्हणाला, “काका, टाइप करताना चुकलं. असले शब्द आता कोण वाचतं?” त्रेसष्ट ठिकाणी एकच चूक कशी, असे मी विचारले नाही. ‘रक्ष्य’चा अर्थ विचारला. त्याने धातूसह बरोबर सांगितला. तो सोळा वर्षांचा होईपर्यंत माझ्याकडेच शिकला आहे. मग ताट सारून म्हणाला, “साहेबांनी ‘य’ काढून उकार द्यायला लावला. मी नसता दिला, तर दुसऱ्या कुणी दिला असता.” सूनबाई म्हणाली, “मामंजी, हे घरातच राहू द्या ना.”

माझ्या हस्ताक्षरातील मूळ यादी सोबत हजर करीत आहे. मुकादमाने कागदाबरहुकूम काम केले; त्याविरुद्ध माझी तक्रार नाही. ‘रुक्ष’ हा शब्द पुतण्याने, साहेबांच्या सांगण्यावरून, अर्थ जाणून घातला. पाच झाडे व पाण्याचा पूर्वेकडील भाग अद्याप शिल्लक आहे. तेथील काम आजच थांबवावे, ही विनंती.

हवालदारांनी हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखविला. ‘पुतण्याने’ ऐवजी ‘कार्यालयातील इसमाने’ लिहू का, असे त्यांनी दोनदा विचारले. लिहू नये. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

हे वाचतील त्या सर्वांचे कल्याण असो. घरी माझी वाट पाहणाऱ्या दोघांचेही.