रॉयबॉसचा ढीग

(दक्षिण आफ्रिकेतल्या सेडरबर्गच्या डोंगरातलं घर. नुकतंच उजाडलंय. लेया खाटेवर पडून आहे. तिचा नवरा बारेन्ड ओंजळीत रॉयबॉसचा, म्हणजे तिथल्या रानझुडपाचा, ओला चहा घेऊन उभा.)

लेया : परत आणलास? आत्ताच तर नाकाशी धरला होतास.

बारेन्ड : तेव्हा तू म्हणालीस, अजून हिरवा आहे. आता बघ. ढीग असला तापलाय, हात ठेववत नाही.

लेया : तापेल नाही तर काय. काल कापून, कुटून, भिजवून रचलाय. रंग?

बारेन्ड : विटेसारखा. वास तू सांग.

लेया : तूच सांग.

बारेन्ड : मला काय कळतंय? आपलं काम विळ्याचं. झुडपं कापायची, गाढवावर लादून खाली आणायची. नाक तुझं.

लेया : लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय.

बारेन्ड : अगं, उशीर झाला तर आंबून जाईल! दुष्काळानं झुडपं ठेवली किती? यंदाचा सगळा चहा ह्या एका ढिगात आहे.

लेया : मग हुंग की.

बारेन्ड : मागे एकदा मी उघडला होता, विसरलीस? नुसतं गवताचं पाणी. पाद्रीबाबांनीसुद्धा कप तसाच खाली ठेवला.

लेया : साखर घालघालून दमले बिचारे. तेव्हा घाई केलीस म्हाताऱ्या, आज मुद्दाम रेंगाळतोयस.

बारेन्ड : मी कशाला रेंगाळू?

लेया : तुला येतं ते. कधीचं येतं.

बारेन्ड : मला यायलाच नको. मला आलं, की तू जायला मोकळी.

लेया : मी तशीही जाणार रे. ओसरीवर नर्सबाई तुझ्या कानाशी लागली होती, मला काय ऐकू येत नाही?

बारेन्ड : गप्प बस. हे हुंग आधी.

लेया : बारेन्ड, ह्या तापानंतर मला वासच येत नाही. मघाशी ‘हिरवा’ म्हणाले, ते अंदाजानं.

बारेन्ड : अंदाजानं?

लेया : हो. आज ह्या घरात नाक एकच आहे. सांग आता.

बारेन्ड : ... मध. गरम मध. आणि सफरचंदाच्या सालीसारखं काहीतरी.

लेया : आंबट?

बारेन्ड : नाही. अजून नाही.

लेया : मग उभा काय राहिलास? अंगणात दाताळ्यानं पातळ पसर, ऊन चढतंय.

बारेन्ड : तुला कपभर चहा देतो, मग जातो.

लेया : नंतर दे. दार उघडं ठेव. दाताळ्याचा आवाज ऐकू दे.