चुंबकाची कवळी

— नका ना हाक मारू कुणाला, इगाराशीबाई, हात जोडते! आज कावळ्यांसाठी कचऱ्यावर टाकतात त्या जाळीची जबाबदारी तुमची, ठाऊक आहे मला — सगळं होतं तसं बांधून देते, झाडूनही देते, पण साडेआठची गाडी यायच्या आत या पिशव्या बघू द्या. वेड लागलंय का म्हणता? लागेल, आणखी थोड्या वेळात लागेल. आमच्या ह्यांची कवळी गेलीय कचऱ्यात. खालची. चुंबकाची. हसू नका हो — ह्यांना कंपवात, वर साखर, हात असे थरथरतात की साधी कवळी तोंडात जायच्या आधी नाकाला लागायची. मग दातांच्या डॉक्टरांनी काय केलं, उरलेल्या दोन मुळांवर लोखंडी टोपणं बसवली अन् कवळीत इवलेसे चुंबक. नुसती जवळ न्यायची — टक्! आपली आपण बसते. त्या दिवशी सहा वर्षांनी मुळ्याचं लोणचं खाल्लं ह्यांनी. करकर, करकर — पलीकडच्या खोलीत ऐकू येत होतं. मी रडले, आता सांगायला कसली लाज.

म्हणून तर हा लोखंडी डाव आणलाय. पिशवीत फिरवायचा, असेल तर चिकटेल. ही ओकाबेंची — नाही. ही सुगावारांची — चहाचा चोथा, माशाची डोकी, शी — नाही. गेली कशी म्हणजे? अहो, गुरुवारी पडले ना हे, मेंदूचा फोटो काढायचा होता, त्या यंत्राजवळ सुटं चुंबक चालत नाही, तर नर्सनं कवळी काढून कागदात गुंडाळून दिली माझ्याकडे. मला वाटलं, नाक पुसलेला कागद. होतं असं. म्हातारपणी होतं. आणि आज दहाला ह्यांची परीक्षा — चावून गिळता आलं तर घरी, नाही आलं तर पोटाला भोक पाडून नळी, आणि मग नळीवाल्यांच्या त्या मोठ्या इमारतीत. कायमचं.

नाव? हो, प्रत्येक पिशवीवर नाव असतं — मग मी माझीच का नाही उघडत? मोठ्या चौकस तुम्ही. माझ्या पिशवीत नाहीच ती. दुसऱ्याच्या पिशवीत खुपसली मी. आज पहाटे, डोळे मिटून, हाताला लागेल त्या पिशवीला बोटानं भोक पाडून — मागाहून मन फिरलं तरी सापडू नये म्हणून. कागदबिगद काही नव्हता. बघा आता माझ्याकडे, बघा तसं! अकरा वर्षं, इगाराशीबाई. रात्रीतून चारदा उठवायचं, पुसायचं, सुई टोचायची, आणि वर ह्यांचं ऐकून घ्यायचं, ‘तोमोए, पेज खारट झालीय.’ नळी लागली की ते तिकडे, मी इकडे, आणि झोप. एवढंच आलं मनात, देवाशप्पथ एवढंच. घरी गेले, भात लावला, अन् हात आपला लोणच्याच्या डब्याकडे गेला. पातळ काप करत बसले. कुणासाठी? मी तर मुळा खातसुद्धा नाही. काल बोळक्या तोंडानं विचारत होते, माझे दात नीट ठेवलेस ना? मी म्हटलं, ठेवलेत.

ती गाडीची धून का? आली? अगं बाई, कोपऱ्यावरच आहे! थांबवा तिला, आडव्या जा — काय? तुमची? नको, तुमच्या घरातला कचरा मी कशी — अहो, फाडलीतसुद्धा! द्या, इकडे द्या, केळ्याची सालं, अंड्याची टरफलं, नाही, नाही, इथंही नाही, तळाशी काय आहे —

टक्.

…धरू नका मला, काही झालं नाही. होऊ देत अकरा वर्षांची बारा. धुवायची आहे, नऊची बस आहे. जाळी गोळा करा तुम्ही, तो गाडीवाला खोळंबलाय. सरका ना, बाई. लोणचं चिरून ठेवलंय.