शनिवारचं पाणी

—नाही हो शिपाईदादा, बसा तुम्ही, मी उभीच बरी. सकाळपासून हेच चाललंय, चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत. बिअर घ्या. पातळ आहे, माहीत आहे मला, तोंड वाकडं करू नका — मोड आलेले जव होते नव्हते ते सगळे तुमच्याच लोकांनी लढाईआधी उचलून नेले, या विनफ्लेड म्हातारीसाठी मूठभरसुद्धा मागे ठेवले नाहीत. सैन्याला हवेत म्हणाले. न्या म्हटलं. आपलं सैन्य, आपला राजा, नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं? आणि जिंकलोच की आपण. मुकुट सॅक्सन डोक्यावरच राहिला, डेन नदीपार पळाले — चांगलंच झालं. चांगलंच म्हणायचं.

इथं? इथं कुठला आलाय डेन? घरोघर शोधताय ते बघितलंय मी. पलीकडच्या गोठ्यातून एकाला ओढून काढलात, ओकच्या झाडाखाली नेलात आणि — बघितलंय म्हटलं ना. जावई डेन आहे माझा, हो, केटिल, अख्ख्या गावाला ठाऊक आहे, मी कशाला लपवू? चार वर्षांपूर्वी पोरीनं त्याच्याशी लग्न केलं तेव्हा नाक कापलं म्हणून आठवडाभर रडले मी. आता पोरीला दिवस गेलेत, आणि त्याच्या सरदाराचं बोलावणं आलं तर हा ढाल उचलून निघाला. माझा लेक ऑस्गार इथं, या चुलीपाशी, ढालीला कातडं ठोकत बसलेला, आणि त्या कोपऱ्यात केटिल भाल्याला धार लावत. एकमेकांचा धारेचा दगड मागून घेत होते, वेडे. एकाच ताटातले ईल मासे खाल्ले आणि निघाले — एक आपल्या राजाकडे, दुसरा त्यांच्या. मी कोणासाठी प्रार्थना करायची होती, सांगा? मुकुट यांच्या डोक्यावर आला काय न् त्यांच्या, माझ्या घरातलं एक माणूस जाणारच होतं.

केटिल परत आला नाही. गेला असेल नावेतून. नाहीतर मेला असेल, सुटले मी. ऑस्गार? तोही — नाही आला. तुम्ही त्याच्याच रांगेत होतात? पडताना पाहिलंत? मांडीत भाला... हो. नाही, मला कसं माहीत असणार मांडीत ते, तुम्हीच म्हणालात ना आत्ता. नाही म्हणालात? मग अंदाजानं बोलले मी. ढालीच्या खाली मांडीच उघडी असते.

चुलीवरचं ते होय — पाणी आहे नुसतं. बिअर करायला. जव नेले म्हणाले मी, बरोबर, मग धुण्याला. धुणं आहे माझं, एवढं काय बघताय भांड्याकडे? कुठले तुम्ही? यॉर्ककडचे. डेनांच्या शेजारात वाढलात म्हणजे. मग संपलंच. शनिवार आहे हे तुम्हाला सांगायला नको, आणि दर शनिवारी अंगभर पाणी घेतात ते डेनच, आपल्यातलं कोणी नाही, तेही सांगायला नको. चार वर्षं शिव्या देत तापवतेय मी केटिलचं पाणी. आज पहाटेपासून उंबऱ्यावरचं रक्त घासलं, त्याची हाडाची फणी राखेत पुरली, त्याचे जोडे जाळले, आणि मग हे भांडं उचलून चुलीवर ठेवलं. माझ्याच हातांनी. कळलंसुद्धा नाही.

थांब. अरे, थांब जरा, त्या खोलीत जाऊ नकोस, आधी ऐक. माझ्या ऑस्गारएवढाच आहेस तू. केटिलला पळता आलं असतं. त्यांच्या नावा काठाला होत्या, भाऊबंद हाका मारत होते, आणि हा उलटा फिरला — पडलेल्यांत शोधत फिरला, तुझ्यासारख्यांच्या भाल्यांमधून, आणि माझ्या लेकाला पाठीवर घालून इथवर आणलं. आत आहेत दोघं. जखमेवर पट्टी टिकत नाही, बांधली की भिजते. केटिलनं मूठ दाबून धरलीय जखमेत. जरा सैल झाली की रक्त उसळतं. पोर गेलीय नदीपलीकडच्या वैदिणीला आणायला, ती येईल, लोखंड तापवून डागेल, तोवर तो हात हलता कामा नये.

न्यायचंय त्याला? ने. पळणार नाही तो, भांडणारही नाही, हात मोकळाच नाही त्याचा. पण आधी तुझा भाला भिंतीला टेकव, खाली बस, त्याच्या मुठीच्या जागी तुझी मूठ घाल, आणि मग त्याला उठव. माझ्याकडे काय बघतोस? माझ्या हातात तेवढा जोर नाही, करून पाहिलंय मी. जा आता. दार नुसतं लोटलंय.