खोलीपेक्षा थंड प्रोसेसर

तुम्ही आमच्या नानाकाकांना ओळखत नाही, सुटलात. रिटायर्ड मास्तर, आयुष्यात कधी चुकले नाहीत, निदान त्यांच्या मते. शिमग्याला देवीची पालखी घरी येणार होती आणि थोरले अण्णाकाका मुंबईत अंथरुणाला खिळलेले. व्हिडिओला मोबाइलची रेंज पुरत नाही, म्हणून त्यांना कॉम्प्युटरवरून पालखी दाखवायचं ठरलं.

मी कॅबिनेटला हात लावला तर चटकाच बसला. "नाना, आत धूळ साचलीय. उघडून साफ करतो."

नानांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे सॉफ्टवेअर काय सांगतंय बघ. प्रोसेसर वीस डिग्री."

"अहो, आपण इथे घामाने निथळतोय. नुसत्या पंख्यावर तो खोलीपेक्षा थंड कसा होईल? आकडा चुकीचा आहे."

"डिप्लोमा अर्धवट सोडलास, आता मशीनला शिकव. हात लावू नकोस."

पालखी अंगणात शिरली आणि कॉम्प्युटर तापून बंद पडला. तो परत सुरू झाला तेव्हा पालखी शेजारी गेली होती. पडद्यावर पुन्हा तेच, वीस डिग्री.

संध्याकाळी अण्णाकाकांचा फोन आला. नाना म्हणाले, "लाइट गेली रे अण्णा."

"वाटलंच मला. पडदा काळा झाला तरी मी हात जोडूनच बसलो होतो. म्हटलं, अंगणापर्यंत आलीय, आत येईलच."

नानांनी फोन माझ्या हातात कोंबला. जन्मभर मला गप्प बसवणारा माणूस, नेमका तेव्हा म्हणतो, "तूच बोल."