दादाच्या पेटीतली करंगळी

परवा आमच्या शिरढोणच्या घरी काय झालं, ऐका. दादाला जाऊन महिना झालाय. त्याची मधमाश्यांची पेटी वाळवीने खाल्ली, म्हणून मी घाईघाईत नवी ठोकली. माश्या उडून गेल्या, तर त्याचं तेवढंही घरात राहणार नव्हतं.

दादा सांगायचा, "पोळ्याच्या दोन चौकटींमध्ये करंगळीएवढी जागा सोड." मी सोडली. आठवड्याने उघडतो, तर माश्यांनी मधल्या जागेतही पोळं बांधून सगळ्या चौकटी चिकटवून टाकलेल्या!

वहिनी म्हणाली, "भावजी, तुमची करंगळी म्हंजे तुमच्या दादाचा अंगठा हाय."

"त्याची बोटं माझ्यावर गेलती," म्हणत आई पुढे आली. मी जास्तीचं पोळं कापलं आणि तिची करंगळी मध्ये धरून एकेक चौकट बसवली. शेवटच्या चौकटीला एक माशी तिच्या त्याच बोटाला चावली.

दादा गेल्यापासून आई रडली नव्हती. तिथेच बसून मोठ्याने रडायला लागली. मी चुन्याची डबी घेऊन धावलो.

आई ओरडली, "नको लावू, मेल्या! दुखायचं थांबलं, तर मना रडताच येनार नाय."