चौकट धरून उभा असलेला माणूस

मी, बेपत्ता सुताराची थोरली मुलगी, वय ४४ वर्षे, व्यवसाय चष्म्याच्या दुकानात नोकरी, राहणार छापखान्यामागची गल्ली, दुसरा मजला. माझे नाव वेगळ्या बंद पाकिटात दिले आहे, कारण इथे लिहिले तर संध्याकाळपर्यंत ते लोकांच्या मोबाईलवर फिरेल. ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

घरी मी, वडील आणि धाकटा भाऊ असे तिघे राहतो. आई नाही. वडिलांचे वय ७१ आहे. ते जन्मभर मालिकांच्या शूटिंगला सुतार होते. खोट्या भिंती, खोटे जिने उभे करायचे आणि काम संपले की तेच पाडायचे. तीसेक वर्षांपूर्वी त्यांनी 'उत्तरेची खोली' नावाच्या भुताच्या मालिकेचा सेट केला होता. ती काही चालली नाही, तेरा भागांत गुंडाळली.

त्या मालिकेत एक दार आहे. त्याची चौकट डुगडुगत होती आणि शूटिंग थांबवायला कुणी तयार नव्हते. म्हणून वडील मागे अंधारात कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि डाव्या खांद्याने चौकट तोलून धरली. तुम्ही दिसणार नाही, असे त्यांना सांगितले होते. ते दिसले. असे चार भागांत झाले.

मागच्या वर्षी कुणीतरी ती मालिका इंटरनेटवर टाकली. लोकांनी ती थांबवून थांबवून पाहिली आणि त्यांना वडील सापडले. त्यांचे नाव 'पाठमोरा' ठेवले. मग काय विचारता. पाठमोरा कुणाला अडवतो, आतल्याला की बाहेरच्याला, यावर तासतासभराचे व्हिडिओ निघाले. लोकांनी त्याच्या गोष्टी रचल्या, कुणी दंडावर गोंदवून घेतला. भावाने हे दाखवले तेव्हा आम्ही तिघेही पोट धरून हसलो. भावानेच एका व्हिडिओखाली लिहिले, की अहो, हे तर आमचे बाबा. तेव्हापासून ती माणसे घरी येऊ लागली.

माणसे वाईट नव्हती. हळू बोलायची, येताना फळे आणायची. वडिलांनी त्यांना सरळ सांगितले, "अरे, चौकट पडत होती. हिरॉइनच्या डोक्यात बसली असती." ती एकमेकांकडे बघून हसली. त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही असंच सांगणार हे आम्हाला ठाऊक होतं." फोटोसाठी ती वडिलांना भिंतीकडे तोंड करून उभे करायची. वडील वळले की सगळी खाली बघायची. पाठमोऱ्याचा चेहरा पाहायचा नाही, असा त्यांचा आपसातला नियम आहे.

मला चीड यायची. पण वडील खूश होते, ते का नाकारू? त्यांनी बांधलेले सगळे पाडले गेले होते, आणि आता इतकी माणसे त्यांच्या एका चौकटीची चौकशी करत होती.

पुढे ते घरातही पाठ करून बसू लागले. जेवताना तोंड भिंतीकडे. भाऊ म्हणाला, "बाबा, भिंतीत काय दिसतंय?" तर म्हणाले, "दिसायला कशाला हवं? धरायची आहे." मी समोर जाऊन बसले की ते वळायचे, रागाने नाही, झोपेत कूस बदलावी तसे. दाढीसुद्धा दार लावून करायचे. दोन-अडीच महिने मी त्यांचा चेहरा धड पाहिलेला नाही.

त्या लोकांनी गावाबाहेर एक गोदाम घेऊन ती खोली जशीच्या तशी उभारली, चौदावा भाग करण्यासाठी. चौकट वडिलांनी करून दिली. रविवारी सकाळी ते चौकड्यांचा शर्ट घालून तिकडे गेले. "चहाच्या वेळेला येतो," म्हणाले. आले नाहीत. फोन बंद होता. म्हणून सोमवारी दुपारी मी गोदामात गेले.

आत पन्नास-साठ माणसे उभी होती. सगळी पाठमोरी, सगळ्यांना तोच शर्ट, सगळ्यांचा डावा खांदा कललेला, केस पांढरे केलेले. वडिलांची उजवी करंगळी करवतीत अर्धी गेली आहे. म्हटले, हात बघू. तर सगळ्यांनी करंगळी मुडपून धरली होती. मी "बाबा" म्हणून हाक मारली. सगळ्यांनी मान किंचित हलवली, वडील हलवतात तशी, आणि कुणी वळले नाही. मी पुढून जायला बघितले तर जो तो फिरायचा. शेवटी एकाला दंडाला धरून ओढले. माझ्याच वयाचा माणूस होता, डोळे भरलेले. म्हणाला, "ताई, चेहरा बघू नका, त्यांचा तोल जाईल." मी म्हटले, "माझा बाप कुठे आहे ते सांग." त्याने दाराकडे बोट केले.

मी दार उघडले. पलीकडे गोदामाची विटांची भिंत होती, चौकटीला खेटून. मध्ये हात जाणार नाही, माणूस कुठला उभा राहतो. चौकटीवर डावीकडे, खांद्याच्या उंचीवर, लाकूड घामाने ओले होते. हात लावून पाहिला. कोमट होते.

विचारल्यावरून सांगते की, घरात भांडण नव्हते. विचारल्यावरून सांगते की, होय, त्यांच्या मानेवर डावीकडे केसांखाली तीळ आहे. वडील स्वखुशीने गेले असून सुखरूप आहेत.

इथून खाली माझ्या हाताने लिहिते.

'सुखरूप आहेत' हे मी बोललेले नाही. खोडा म्हटलं, तर लिहून घेणारे साहेब म्हणाले, "असू दे ताई, तसंच आहे ते." तिळाचं मी बोलण्याआधीच त्यांनी विचारलं होतं, "डावीकडचाच ना?" मी बाबांचा फोटो दिला, तो त्यांनी न बघता टेबलावर पालथा ठेवला. चेहऱ्याचं वर्णन मी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा लिहिलं नाही. ते लागणार नाही म्हणाले.

लागेल. कपाळ रुंद. उजवी भुवई मध्ये तुटकी, पटाशी निसटून लागली होती. डोळे घारे. नाक एका अंगाला बसकं, त्यामुळे चष्मा घसरतो, मी दर महिन्याला त्याची दांडी वाकवून देते. हसायच्या आधी डावा डोळा बारीक होतो. दिवसभर मी लोकांचे चेहरे मोजते, पण हा एकच मला डोळे मिटून सांगता येतो.

वरचा जबाब मला वाचून दाखवला. खोडायला सांगितलेलं वाक्य सोडून तो बरोबर आहे. चेहऱ्याचा भाग मीच मोठ्याने वाचून दाखवला. मी वाचत होते तेव्हा खोलीतल्या तिन्ही पोलिसांनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

माझ्या बाबांना शोधताना समोरून जावं.