डासांचा अर्ज अपूर्ण

अरे ऐका ना, काल रक्त तपासायच्या रांगेत माझ्यापुढे आरोग्य खात्यातले एक साहेब, खांद्यावर तापाने फणफणलेली मुलगी घेऊन! आणि त्यांच्यापुढे सापळे लावून डास पकडणाऱ्या ताई, नमुन्यांचा डबा घेऊन. दोघांनी एकमेकांना ओळखलं आणि झालं सुरू!

"साहेब, तुमच्या गल्लीतल्या डासांत डेंगी सापडला, मी महिन्यापूर्वीच कळवलं होतं की!"

"कळवलंत हो ताई, पण अर्ज अपूर्ण होता. रुग्णाच्या नावाचा रकाना रिकामा!"

"अहो, रुग्ण नव्हताच! माणसं आजारी पडायच्या आत कळावं म्हणून तर डास पकडतो ना आम्ही?"

"नावाशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. मी काय करणार?"

"मग काय, एकेका डासाला नाव विचारत बसू?"

"चिडू नका. रोज दोनशे अर्ज येतात."

"फवारणी झाली का मग?"

"कशी होणार? अर्ज तुम्हाला परत पाठवला ना."

"पोरीला कधीपासून ताप आहे?"

"आज चौथा दिवस. सांधे दुखतात म्हणून रात्रभर रडते. घरात धाकटाही आहे हो. ताई, फवारणीचं आजच काही जमेल का?"

"खातं तुमचंच ना? आणि आता तर नावही आहे. भरा की!"

"भरलं सकाळीच. पण तुमचा अहवाल महिनाभर जुना झाला, नवे डास पकडून आणा म्हणतात."

"आणते. सापळा कुठे लावू?"

"हिच्या पलंगाखाली लावा. तिथे हवे तेवढे मिळतील."